फळं आवडत नाहीत? मोठेपणी फळं खायला शिकताना या चुका टाळा

‘मला फळं आवडत नाहीत’ म्हणणाऱ्याच्या पुढ्यात मे महिन्यात आढीतला पिकलेला हापूस ठेवला, तर तो सहसा कोय चोखूनच थांबतो. म्हणजे वैर फळांशी नसतं. ते असतं पिठूळ सफरचंदाशी, जानेवारीतल्या आंबट द्राक्षांशी आणि डब्यात चार तास पाणी सुटलेल्या पपईशी. चुकीच्या अवस्थेतलं फळ दहा वेळा तोंडात गेलं की जीभ त्या फळाचं नावच काळ्या यादीत टाकते. तिशी-पस्तिशीत ही यादी पुसायची असेल तर निर्धार फारसा कामाचा नाही. फळ निवडणं, पिकवणं आणि कापणं नीट जमलं की बरंचसं काम होतं.

नेमकं काय खटकतं ते न ओळखणं

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून थेट सफरचंदापासून सुरुवात करणं ही सगळ्यांत सामान्य चूक. आधी तक्रार कसली आहे ते पाहा: चवीची, वासाची, तोंडातल्या स्पर्शाची, की सोलण्या-निवडण्याच्या कटकटीची? या चार तक्रारींवर उपाय वेगवेगळे आहेत.

स्पर्शाची तक्रार सगळ्यांत जास्त आढळते आणि ओळखली मात्र सगळ्यांत कमी जाते. केळं ‘गिळगिळीत’ वाटणारे लोक बहुतेक वेळा ठिपके पडलेलं, पार मऊ केळं खात आलेले असतात. त्यांनी देठाशी किंचित हिरवट असलेलं केळं किंवा छोटी वेलची केळी खाऊन पाहावी. फणसाचंही तसंच. बरका फणस बुळबुळीत आणि तंतुमय असतो, कापा करकरीत. बरक्यावरून सगळ्या फणसजातीला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात.

वासाची तक्रार मुख्यतः पपईची. तो उग्रपणा बियांजवळ आणि चिकात जास्त असतो, म्हणून बियांसोबत आतला पातळ पांढरट पापुद्राही चमच्याने खरवडून काढा. अगदी सालीलगतचा गर सोडून द्या, फोडींवर लिंबू पिळा आणि चिमूटभर मीठ घाला. ज्यांना पपई नकोशी वाटते त्यातल्या बऱ्याच जणांची अडचण एवढ्यावर सुटते.

न पिकणारं फळ पिकेल म्हणून वाट पाहणं

इथे जरा थांबू, कारण निम्मे बिघाड इथलेच आहेत.

काही फळं तोडल्यावरही पिकतात: आंबा, केळं, चिकू, पपई, पेरू, सीताफळ, फणस. काही झाडावर किंवा वेलावर जेवढी गोड झाली तेवढीच राहतात: द्राक्षं, संत्रं, मोसंबी, डाळिंब, स्ट्रॉबेरी, कलिंगड, अननस. आंबट द्राक्षं चार दिवस टोपलीत ठेवून गोड होत नाहीत, फक्त सुरकुततात. स्ट्रॉबेरीचा देठाकडचा भाग पांढरा असेल तर नंतर त्यावर लाली चढलीच तरी गोडी चढत नाही.

त्यामुळे दुसऱ्या गटातली फळं घेताना चाखून किंवा पारखूनच घ्यायची. द्राक्षाच्या घडाचा सगळ्यांत खालचा, टोकाचा मणी मागून खा. घडाच्या खांद्याकडचे मणी सहसा आधी गोड होतात, त्यामुळे टोकाचा गोड निघाला तर घड बिनधास्त घ्या. विक्रेते वरचाच मणी पुढे करतात, हे लक्षात असू द्या. हिरव्या द्राक्षांवर पिवळसर झाक आलेली असावी. मण्यांवरची पांढरट भुकटी ही बहुतेकदा द्राक्षाचा स्वतःचा मेणासारखा थर असतो. तरी घड वाहत्या पाण्याखाली नीट धुऊनच खा. कलिंगड जमिनीला टेकलेल्या जागी लोण्यासारखं पिवळं असावं. तो डाग पांढरट असेल तर फळ लवकर तोडलेलं आहे.

पहिल्या गटातल्या फळांना वेळ द्यायचा. चिकूवर नख हलकेच ओढा: आत हिरवं दिसलं तर तो कच्चा तोडलेला आहे, घेऊ नका. पिवळट-तपकिरी दिसलं तर चार-पाच दिवसांत पिकेल. चिकू तोंड धरतो तो त्यातल्या चिकामुळे आणि तुरटपणामुळे. पूर्ण मऊ होण्याआधी चिकू खाऊ नये, एवढा एक नियम पाळला की हे फळ न आवडणारे फारच थोडे उरतात. सीताफळाचे डोळे उघडून मधल्या खाचा फिकट झाल्या की ते उतरवण्याजोगं झालेलं असतं. घरी दोन-तीन दिवसांत अंगठ्याने हलकं दाबताच दबू लागलं की त्याच दिवशी खा, उद्यावर टाकलंत तर ते फुटतं.

पिकायला घाई असेल तर फळं तांदळाच्या डब्यात किंवा कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्यासोबत ठेवा. पिकलेल्या फळातून निघणारा इथिलीन वायू कोंडून राहतो आणि बाकीची फळं लवकर पिकतात. प्लॅस्टिकची बंद पिशवी नको, पाणी सुटून बुरशी येते. दिवसातून एकदा पिशवी उघडून बघायचीच. व्यापारी पातळीवर इथिलीन वायूने फळं पिकवायला परवानगी आहे, कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे. कार्बाइडने पिकवलेला आंबा बाहेरून एकसारखा पिवळाधमक आणि आत कोयीपाशी आंबट, टणक असा असू शकतो. रंगावर भुलून आंबा घेणाऱ्याची निराशा इथून सुरू होते. देठाजवळ नाक नेऊन वास घ्या. वास नसेल तर रंग कितीही सुंदर असो, अजून थांबा.

सगळं फ्रिजमध्ये कोंबणं

घरचा फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो. कच्चा चिकू, कच्चा आंबा, कच्चं सीताफळ या थंडीत पिकत तर नाहीतच, बाहेर काढल्यावरही नीट पिकत नाहीत. साल काळपट पडते आणि गर बेचव राहतो. नियम सोपा: आधी बाहेर पिकवा, मग फ्रिजमध्ये ठेवा. केळ्याची साल फ्रिजमध्ये काळी पडते, आतला गर दोन-एक दिवस बरा असतो. मात्र ती साल बघूनच अर्धे लोक केळं टाकून देतात.

दुसरं म्हणजे थंडगार फळाला वास कमी येतो आणि चवीचा मोठा हिस्सा वासाचाच असतो. पेरू, चिकू, आंबा खाण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं बाहेर काढून ठेवा. कलिंगड आणि द्राक्षं मात्र थंडच छान लागतात. आंबट-गोड द्राक्षं धुऊन, पुसून फ्रीझरमध्ये तीन-चार तास ठेवली तर उन्हाळ्यात गोळ्यांसारखी एकेक खाता येतात. लहान मुलांना मात्र अशी अख्खी गोठलेली द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात.

कटकट आहे म्हणून टाळत राहणं

बहुतेक घरांत फळ टोपलीत पडून राहतं, कारण सुरी, ताटली आणि कचरा यांचा घाट घालायला कुणी उठत नाही. डाळिंबाचा मुकुट वरून उथळ कापा, आतल्या पांढऱ्या पडद्यांच्या रेषेत सालीवर पाच-सहा चिरा द्या आणि पाण्याने भरलेल्या पातेल्यात धरून फोडा. दाणे तळाशी जातात, कडू पापुद्रे वर तरंगतात. दोन डाळिंबं दहा मिनिटांत होतात आणि दाणे झाकण लावलेल्या डब्यात फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतात.

अननसाची जीभ चरचरवणारी खोड त्यातल्या ब्रोमेलेन या विकरामुळे (एन्झाइममुळे) आहे. डोळे खोल काढा आणि मधला कडक दांडा टाकून द्या. फोडी मिठाच्या पाण्यात (लिटरला एक चमचा मीठ) दहा मिनिटं ठेवल्या तर चरचर कमी जाणवते. तव्यावर दोन-तीन मिनिटं परतल्या तर ती जवळजवळ जातेच, कारण उष्णतेने विकर निकामी होतं. अननसाचा बुडाकडचा भाग शेंड्यापेक्षा गोड असतो, म्हणून नवशिक्याने तिथून सुरुवात करावी.

संत्र्याच्या फोडीवरची पातळ साल आणि बिया नको असतील तर फोडीची सरळ कड कात्रीने कापून गर उलटा करा. लहान मुलांना देतात तसं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चिरलेलं फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. सफरचंद काळं पडू नये म्हणून फोडी हलक्या मिठाच्या पाण्यातून बुडवून काढा किंवा लिंबू लावा.

मीठ-मसाल्याला कमीपणा मानणं, किंवा सगळं दुधात घालणं

फळ नुसतंच खाल्लं पाहिजे असा काही दंडक नाही. मीठ कडवटपणा झाकतं आणि गोडी पुढे आणतं. पेरूला तिखट-मीठ आणि कैरीला मीठ लावणाऱ्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं. संत्र्याच्या फोडींवर काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, पेरूची दही-मोहरीची कोशिंबीर, कोकण-गोव्याकडचं आंब्याचं किंवा अननसाचं सासव (मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातलं) हे सगळं फळ खाणंच आहे. गोड आवडत नाही म्हणून फळ टाळणाऱ्यांना ही वाट नेमकी पडते.

दुधाच्या बाबतीत जपून. न शिजवलेला अननस, किवी किंवा पपई दुधात घालून ठेवली तर त्यांतली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात आणि अर्ध्या तासात मिश्रण कडू लागतं. ‘फ्रूट सॅलड कडू झालं’ या तक्रारीचा गुन्हेगार बहुधा अननसच असतो. तो साखरेच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून, गार करून घाला. सीताफळाचं उलट आहे: त्याचा गर शिजवला की कडवट होतो, म्हणून तो बासुंदी गार झाल्यावरच मिसळायचा. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू होतो, बिया भरडल्या गेल्या तर आणखी लवकर. काढला की लगेच प्या. त्याहून फोडी खाणं बरं, कारण एका पेल्याला तीन-चार मोसंबी लागतात आणि चोथा गाळणीत राहतो.

चुकीची वेळ, चुकीचं प्रमाण

चहा-बिस्किटांनंतर लगेच संत्रं खाल्लं तर ते आंबटढाण लागणारच, कारण जीभ साखरेला सरावलेली असते. दात घासल्यावरही फळाची चव बिघडते, ती टूथपेस्टमुळे. पोटभर जेवणानंतरही फळाला न्याय मिळत नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास, भूक लागलेली असताना आणि चहाच्या आधी फळ ठेवून पाहा. तेच फळ वेगळं लागतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांच्या रोजच्या आहारात १०० ग्रॅम फळं धरली आहेत, म्हणजे एक मध्यम पेरू किंवा एक केळं. सवय नसताना पहिल्याच दिवशी वाटीभर फळं खाल्ली तर पोट फुगतं, विशेषतः सफरचंद आणि नासपतीने. मग दोष फळांवर येतो. पहिले दोन आठवडे अर्धं केळं किंवा आठ-दहा द्राक्षं पुरे.

एकदा चाखून ‘नाही जमत’ म्हणून सोडणं हीदेखील घाईच. लहान मुलांवरच्या अभ्यासांत नवी चव रुळायला आठ ते पंधरा वेळा ती समोर यावी लागते असं दिसतं. मोठ्यांनीही आठवड्यात तीन-चार वेळा, एकेक घास, असं महिनाभर करून पाहावं. एका वेळी एकच नवं फळ, सोबत एक आवडतं.

नावड नव्हे, दुखणं

किवी, सफरचंद, अननस किंवा केळं खाल्ल्यावर ओठ, टाळू, घसा खाजत असेल, तर तो नखरा नसून ॲलर्जी असू शकते. रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्यांना केळं आणि किवी बाधू शकतात. ओठ सुजले किंवा श्वास अडला तर ताबडतोब डॉक्टर गाठा. आंब्याचा चीक ओठांना लागून पुरळ येणाऱ्यांनी आंबा अर्धा तास पाण्यात ठेवावा, देठ कापून चीक निथळू द्यावा आणि साल तोंडाला न लावता फोडी खाव्यात.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी कमरख (स्टार फ्रूट) खाऊच नये. केळ्यांतल्या पोटॅशियमबद्दलही डॉक्टरांना विचारून घ्यावं. कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत पपनस आणि ग्रेपफ्रूट चालत नाही. मधुमेह असेल तर रस टाळा आणि अख्ख्या फळाचं प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

महिना न बघता सुरुवात करणं

द्राक्षांशी मैत्री करायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. नागपुरी संत्र्याशीही त्याच सुमारास, कारण तेव्हा येणारी मृग बहाराची (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची) संत्री हिवाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या आंबिया बहाराच्या संत्र्यांपेक्षा सहसा गोड असतात. आंबा मेमध्ये, सीताफळ दिवाळीच्या आगेमागे. पेरू पावसाळ्यातही मिळतो, पण तेव्हाचा पाणचट आणि बऱ्याचदा अळी पडलेला असतो. तो नोव्हेंबर ते जानेवारीत खावा. जुलैमध्ये सुरुवात करायची असेल तर केळ्याशिवाय भरवशाचं फारसं काही नाही, तेव्हा एक डझन वेलची आणा आणि रोज संध्याकाळी एक सोला.