सेल्फ फिरतो, इंजिन फिरत नाही: स्टार्टर क्लच असा दुरुस्त केला

जुनी १५० सीसी बाईक. बटण दाबलं की मोटर घर्रर्र करत मोकळीच फिरायची, इंजिन हलायचं नाही. किकवर मात्र लगेच चालू. थंड असताना त्रास जास्त. बॅटरी चार्ज केली, रिले (मोटरला वीज जोडणारा स्विच) बदलला, मोटरचे कार्बन ब्रश बदलले, काही उपयोग नाही. ठाण्यातल्या माजिवड्याच्या सिग्नलला किक मारून जीव विटला होता.

खरं तर मोटर जोरात फिरतेय म्हणजे वीज पोहोचतेय. मग दोष पुढे, बहुधा स्टार्टर क्लचमध्ये. हा वन-वे क्लच, म्हणजे मोटरचा जोर एकाच दिशेने इंजिनला देणारा भाग.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, ऑइल काढलं, डावीकडचं मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकं असलेल्या चाकाचं) कव्हर उघडलं. मॅग्नेट धरून मागचा मोठा गिअर हाताने फिरवला. तो एका दिशेने मोकळा फिरून दुसऱ्या दिशेने अडकायला हवा. माझा दोन्हीकडे फिरत होता. होल्डरने धरून नट सोडला, मॅग्नेट पुलरनेच (ओढून काढायच्या हत्याराने) काढलं. हातोडी अजिबात मारू नका, चुंबकं तडकतात.

मागे तीन रोलर, स्प्रिंग, टोप्या. रोलर एका बाजूने चपटे झालेले. गिअरच्या गळ्यावर, म्हणजे रोलर जिथे पकडतात त्या गोल भागावर, नख फिरवून पाहा. खाच लागली तर गिअरही बदला, नाहीतर नवे रोलरही घसरतील. माझा गुळगुळीत होता, म्हणून फक्त रोलर-स्प्रिंगचा संच घातला. क्लचचे ॲलन बोल्ट साफ करून थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावून आवळले. क्रँकची चावी (मॅग्नेट योग्य जागी बसवणारा धातूचा छोटा तुकडा) खाचेत बसवली, मॅग्नेट, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळायच्या ठरलेल्या जोराने), नवं पॅकिंग, ऑइल.

सकाळी थंड इंजिनवर बटण दाबलं, लगेच चालू.