जुनी ॲल्युमिनियमची मोटारबोट घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, सारंगखेडा-प्रकाशाच्या बॅरेजवर, नवापूरकडे उकाईच्या पाण्यात आणि अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला सरदार सरोवराच्या नर्मदेत बोटी चालतात. त्यात लाकडाच्या, फायबरच्या, पत्र्याच्या सगळ्या आल्या. कधी एखाद्याला लिलावात किंवा भंगारात बारा-चौदा फुटी जुनी ॲल्युमिनियमची बोट स्वस्तात सापडते. पत्रा गंजत नाही, थोडी डागडुजी केली की झालं, असा हिशोब करून तो ती ट्रॉलीत टाकून घरी आणतो.

आपल्याकडे कारागिरांची वाण नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ट्रकच्या बॉड्या, रेल्वेची कामं यात आख्खी हयात घालवलेले लोक भुसावळ-धुळ्यात गल्लोगल्ली आहेत. पण हा हात लोखंडावर बसलेला आहे. लोखंडाचे नियम ॲल्युमिनियमला लावले की धडधाकट बोटही दोन पावसाळ्यांत चाळण होते. खाली लिहिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ हेच आहे.

साफसफाईतच घात

पहिल्या दिवशी होणारी चूक म्हणजे बाथरूमचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा. जुना रंग निघावा म्हणून कॉस्टिक ओततात. पत्रा फसफसतो, वाफ निघते आणि बघणाऱ्याला वाटतं मळ निघतोय. प्रत्यक्षात खाल्ला जात असतो तो पत्राच, आणि वर येतो तो हायड्रोजन, म्हणजे पेट घेणारा वायू. धुण्याचा सोडाही ॲल्युमिनियमला चालत नाही. भांडी घासायचा साधा लिक्विड साबण, कोमट पाणी, नायलॉनचा ब्रश एवढं पुरतं. रंग काढायचाच असेल तर ॲल्युमिनियमला चालणारा पेंट रिमूव्हर मागून घ्या.

दुसरी चूक तारेच्या ब्रशची. लोखंडी ब्रशचे बारीक कण पत्र्यात रुततात आणि ओल मिळाली की तिथेच खड्डे पडायला सुरुवात होते. ब्रश स्टेनलेस स्टीलचा वापरा, आणि आधी लोखंडावर चाललेला नको. ग्राइंडरच्या चकतीचंही तेच.

तळाखाली काय दडलंय ते न बघणं

वरून पॉलिश केलेली बोट बघून समाधान मानू नका. आतली फळी उचकटा. फळीखाली तरंगण्यासाठी भरलेला फोम असतो, आणि जुन्या बोटीत तो पाणी पिऊन बसलेला असतो. मुठीत दाबला की पाणी गळतं. असा ओला फोम वर्षानुवर्षं पत्र्याला चिकटून राहिला की त्याखाली पांढरी भुकटी धरते, आणि भुकटी खरवडली की खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे निघतात. टॉर्च आतून लावून अंधारात बाहेरून पाहिलं तर आरपार गेलेलं भोक लगेच दिसतं.

फोम काढल्यावर काही जण तो परत भरतच नाहीत, बोट हलकी झाली म्हणून खूश होतात. ही चूक जिवावर बेतू शकते. बोट पाण्याने भरली तरी बुडू नये, माणसांना धरायला काहीतरी राहावं यासाठीच तो फोम असतो. दुसरे काही जण टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल कोंबतात. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतं. टाकीतून थोडं पेट्रोल सांडलं की बाकाखालचा सगळा आधार चिकट लगदा होऊन जातो. बंद पेशींचा पॉलिथिलिन किंवा पॉलियुरेथेन फोम घ्या आणि त्याखालून पाणी वाहून जायला वाट ठेवा.

गळती: आधी शोधा, मग बुजवा

एम-सीलचं पाकीट फोडून पत्रे जोडणाऱ्या, दिसेल त्या रिव्हेटवर थापत सुटणं ही आपल्याकडची सर्वात लाडकी चूक. पाणी दोन पत्र्यांच्या सांध्यातून एका जागी शिरतं आणि हातभर लांब दुसऱ्या जागी बाहेर पडतं. आतून दिसणारा थेंब म्हणजे गळतीची जागा असेलच असं नाही. शिवाय आतून बुजवलं की पाणी सांध्यात अडकतं आणि तिथेच पत्रा खातं.

सोपी रीत उलटी आहे. बोट टायरांवर किंवा लाकडी ओंडक्यांवर सपाट टेकवा. ओंडका कण्याखाली आणि आडव्या फासळ्यांखाली आला पाहिजे, मधल्या नुसत्या पत्र्याखाली नको. मग आत पाणी भरा आणि बाहेरून खडूने प्रत्येक थेंबाभोवती गोल काढा. पाणी मात्र बेताने. तळ चार चौरस मीटरचा धरला तर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे ४०० किलो वजन, आणि तेही कोरड्या जमिनीवर, नदीचा उलटा दाब नसताना. त्या भाराने चांगला सांधाही उसवतो.

गळका रिव्हेट दिसला की लगेच ड्रिल लावू नका. बऱ्याचदा तो नुसता सैल झालेला असतो. बाहेरून एकाने जड लोखंडी ठोकळा घट्ट धरायचा आणि आतून दुसऱ्याने हातोडीचे दोन-तीन नेमके ठोके द्यायचे. ठोका बरोबर बसला की आवाज बदलतो, खडखड जाऊन टणक होतो. बसच्या बॉड्या बांधणाऱ्या जुन्या मिस्तरीला हे सांगावं लागत नाही, असा कोणी ओळखीचा असेल तर चहा पाजून बोलावून आणा.

बदलायचाच झाला तर खिडक्यांच्या सेक्शनवाल्याकडचा साधा पॉप रिव्हेट पाण्याखाली चालत नाही. तो मधून पोकळ असतो आणि आत राहिलेला खिळ्याचा तुकडा बहुधा लोखंडी असतो. भरीव ॲल्युमिनियमचा रिव्हेट, नाहीतर बंद तोंडाचा वॉटरटाइट रिव्हेट, तोही सीलंट लावून.

सीलंटमध्ये पण गोची आहे. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतो, तो ॲल्युमिनियमवर नको. आणि कडक पुट्टी टिकत नाही, कारण आपलं ऊन. चौदा फुटी बोटीचा पत्रा थंडीतल्या पहाटे १० अंशांवर आणि मे महिन्याच्या दुपारी ६० अंशांवर गेला तर लांबीत सुमारे ५ मिलिमीटर फरक पडतो. एवढी हालचाल सोसेल असा लवचीक, समुद्री कामाचा पॉलियुरेथेन सीलंटच घ्या.

“चाली जाई” वेल्डिंग

चिरलेला पत्रा घेऊन गेलात की “टाका मारी देस, चाली जाई भाऊ” असं ऐकू येतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला २००० अंशांच्या वर जावं लागतं. शिवाय लोखंडासारखं ते लाल होऊन इशारा देत नाही. दिसायला तसंच राहतं आणि एकदम खाली गळून भोक पडतं. आर्गॉन गॅस आणि एसी करंटवर टिग वेल्डिंग करणारा शोधा, जळगाव एमआयडीसीत चौकशी केली तर मिळू शकेल. रिव्हेटच्या सांध्यावर मात्र त्यालाही वेल्डिंग करू देऊ नका. उष्णतेने शेजारचे रिव्हेट सैल होतात आणि एक गळती बुजवताना चार नव्या तयार होतात. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी आणि फोम दोन्ही बोटीबाहेर.

तांबं, पितळ आणि पूजेचा तांब्या

दोन वेगळे धातू ओलीत एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. तांबं त्याचं सगळ्यात मोठं वैरी. वायरिंग करताना तळात पडलेले तांब्याच्या तारेचे तुकडे, पितळी स्क्रू, वाळवी लागू नये म्हणून तांबंयुक्त औषध मुरवलेलं लाकूड, हे सगळं टाळा. बोटीची पूजा जरूर करा, नारळ फोडा, पण तांब्याचा गडू आणि वाहिलेली नाणी तळात राहू देऊ नका. स्टेनलेसचे बोल्ट चालतात, मात्र खाली नायलॉनचा वायसर आणि भोकात सीलंट हवं.

ट्रॅक्टरच्या इलेक्ट्रिशियनला एक गोष्ट आवर्जून सांगा: अर्थिंग बॉडीला द्यायचं नाही. बॅटरीपासून लाइटपर्यंत दोन्ही वायरी स्वतंत्र न्यायच्या. बॉडीतून करंट फिरला की पत्रा झपाट्याने खातो.

इंजिन ज्यावर टांगतात त्या मागच्या भिंतीत प्लायवूड असतं आणि ते बहुधा कुजलेलं निघतं. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. नवीन प्लाय आयएस ७१० छापाचाच, मरीन ग्रेडचा, फर्निचरचा नको. कडा आणि प्रत्येक बोल्टचं भोक एपॉक्सीने बंद करा. उन्हाळ्यात एपॉक्सी थोडी थोडीच कालवा, नाहीतर डब्यातच तापून दगड होते.

रंग

रेड ऑक्साईड लावू नका. तो लोखंडासाठी आहे, इथे धरत नाही. पत्रा तेलमुक्त करून बारीक पॉलिश पेपर मारा, एच (etch) प्रायमर, म्हणजे ॲल्युमिनियमला पकड धरणारा पहिला थर लावा, मग वरचा रंग. घासणं आणि प्रायमर एकाच दिवशी, कारण ऑक्साइडचा थर लगेच पुन्हा धरतो. भुसावळात पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी रंग मारला तर वरची साय सुकते आणि आत फोड येतात. हे काम दिवाळीनंतर काढा. आणि मुळात रंग नसेल तर लावायची गरजच नाही, उघडं ॲल्युमिनियम गोड्या पाण्यात चांगलं टिकतं. माझं मत विचाराल तर वल्ही रंगवा, बोट राहू द्या.

इंजिन

अंगणात कोरडंच स्टार्ट करून “आवाज कसा मस्त आहे” दाखवणं बंद करा. आउटबोर्डला, म्हणजे मागे टांगायच्या इंजिनाला, थंड ठेवणारा पंप रबरी पात्याचा असतो, तो कोरडा फिरला की अगदी थोड्या वेळात जळतो. ड्रममध्ये पाणी भरून खालचा भाग बुडवा. मागच्या छोट्या भोकातून पाण्याची धार येत नसेल तर लगेच बंद. जुनं पेट्रोल काढून टाका, कार्ब्युरेटर साफ करा. गिअरचं ऑइल खालचा स्क्रू खोलून बघा. दुधाळ निघालं तर सील गेलंय, नुसतं ऑइल बदलून भागणार नाही. नवं ऑइल खालच्याच भोकातून भरत जायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत.

पाण्यात उतरवण्याआधी कागदपत्रं बघा. इंजिन लावलेल्या बोटीची नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येते, आणि धरणाच्या पाण्यासाठी जलसंपदा विभागाला विचारावं लागतं. पहिली चाचणी पावसाळ्यात नको; हतनूरचे ४१ दरवाजे उघडायला लागले की तापीचा वेग एवढ्याशा इंजिनाला पेलत नाही. काठाजवळ, लाइफ जॅकेट घालून, पाणी उपसायला डबा आणि दोरी सोबत ठेवून अर्धा तास फिरा, मग परत येऊन तळाची फळी उचलून बघा. आणि निघण्याआधी पाणी काढायच्या भोकाचं मागचं बूच लावलंय का ते हात घालून तपासा. ते राहिलं तर वरची सगळी मेहनत घाटावरच बुडते.