ज्ञान आणि सुज्ञता: ख्रिस्ती शास्त्राभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

ख्रिस्ती शिकवणीचा अभ्यास सुरू करणारे बहुतेक जण ज्ञान आणि सुज्ञता या विषयाकडे बायबलमधील नीतिसूत्रांच्या पुस्तकातून येतात, आणि ते योग्यच आहे. परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ आहे, हे त्यातील 1:7, म्हणजे पहिल्या अध्यायातील सातवे वचन, तुम्हाला पाठ असेल असे गृहीत धरून मी पुढे जातो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. ती माझ्यापुरती अजूनही पुरती सुटलेली नाही, म्हणूनच तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

ज्ञान ही खालची पायरी आणि सुज्ञता ही वरची, अशी एक मांडणी आपल्या मनात नकळत बसते. मग प्रेषित पौलाने करिंथकरांस, म्हणजे करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या पहिल्या पत्रातील 8:1 हे वचन हाती लागते. ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते, एवढेच त्यातून उचलले की अभ्यासाला कंटाळलेल्या माणसाला प्रत्यक्ष शास्त्राचाच आधार मिळाल्यासारखे होते. या सापळ्यात मी बराच काळ होतो, म्हणून सांगतो की तो अध्याय सलग वाचा. तेथे प्रश्न मूर्तींना अर्पण केलेल्या मांसाचा आहे. मूर्ती म्हणजे काहीच नाही आणि देव एकच आहे, हे करिंथमधील काही विश्वासणाऱ्यांना पक्के ठाऊक होते, आणि त्यामुळे ते मांस खाताना त्यांना संकोच वाटत नव्हता. पौल त्यांचा सिद्धांत खोडून काढत नाही. तो स्वतःही तेच मानतो. त्याचा आक्षेप असा आहे की मूर्तिपूजेची सवय अजून न सुटलेला एखादा बंधू या जाणत्या माणसाला मूर्तीच्या देवळात जेवायला बसलेले पाहतो, स्वतःचा विवेक नको म्हणत असतानाही त्याचे अनुकरण करतो आणि आतून मोडून पडतो. आणि हा तोच बंधू आहे ज्याच्यासाठी ख्रिस्त मरण पावला. म्हणजे येथे ज्ञान चुकीचे नाही आणि जास्तही झालेले नाही. ते बाळगणाऱ्याला शेजारी कोण बसले आहे हे दिसत नाही, एवढाच दोष आहे, आणि तो लहान नाही.

त्याच पत्राच्या आरंभी, 1:5 मध्ये, करिंथकर सर्व प्रकारच्या ज्ञानाने संपन्न झाले म्हणून पौल देवाचे आभार मानतो. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात, 4:6 मध्ये, तर ज्ञान नसल्यामुळे लोकांचा नाश होतो असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा 8:1 पुढे करून अभ्यास टाळणाऱ्याने ते पत्र पहिल्या पानापासून वाचलेले नाही, असे मी निःसंकोचपणे म्हणतो. पहिल्या अध्यायातील जगाच्या सुज्ञतेविरुद्धचे बोलही असेच वापरले जातात. तेथे विचारशक्तीची निंदा नाही; वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्त ज्यांना मूर्खपणा वाटतो त्यांच्या मोजमापाला दिलेले ते उत्तर आहे. 1:24 मध्ये ख्रिस्तालाच देवाची सुज्ञता म्हटले आहे, त्यामुळे सुज्ञता ही केवळ बुद्धीची एक पातळी उरत नाही.

पुढील परंपरेतून दोन गोष्टी पुरेशा आहेत. आरंभीच्या मंडळीतील विचारवंत ऑगस्टीनने त्रैक्याविषयीच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव या शिकवणीविषयीच्या, ग्रंथात कालाधीन गोष्टींच्या बोधाला ज्ञान आणि शाश्वताच्या बोधाला सुज्ञता म्हटले, परंतु पुढे ख्रिस्त हाच आपले ज्ञान आणि तोच आपली सुज्ञता, असे सांगून दोन्ही एकत्र बांधले. धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने 13व्या शतकात लिहिले की शुद्धतेविषयी योग्य निर्णय नीतिशास्त्र शिकलेला माणूसही देऊ शकतो आणि शुद्धता ज्याच्या अंगी मुरलेली आहे तोही देऊ शकतो; पवित्र आत्म्याचे दान असलेली सुज्ञता दुसऱ्या प्रकारची असून तिचे मूळ प्रीतीत आहे.

रोज एक सुटे वचन वाचण्याच्या पद्धतीवर माझा विश्वास नाही. सांत्वनासाठी ती चालेल, या विषयासाठी ती घातक आहे. मार्गदर्शक निवडताना त्याच्या पदव्यांपेक्षा तो मंडळीतील सर्वांत कमी शिकलेल्या माणसाच्या प्रश्नाला कसे उत्तर देतो ते पाहा. वरून येणारी सुज्ञता शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य आणि समजूत पटणारी असते, ही याकोबाच्या पत्रातील 3:17 ची कसोटी मार्गदर्शकालाही लागू आहे. जो तुमची शंका हाच अविश्वास ठरवतो, त्याच्यापासून दूर राहा.

आणि घाबरू नका. ज्याला सुज्ञता उणी आहे त्याने देवाजवळ मागावी, तो दोष न लावता उदारपणे देतो, असे याकोब 1:5 सांगते. पुढच्याच वचनात संशयाविरुद्ध इशारा आहे आणि तो वाचून अनेक नवे अभ्यासक खचतात. परंतु तेथे रोख दुहेरी मनाच्या माणसावर आहे, प्रामाणिकपणे विचारणाऱ्यावर नाही. जुन्या करारात, निर्दोष असूनही भयंकर दुःख भोगणाऱ्या ईयोबाने देवाला विचारलेले प्रश्न तुमच्या प्रश्नांपेक्षा कितीतरी कठोर होते, तरीही त्याच्या पुस्तकात 42:7 मध्ये देव म्हणतो की ईयोब यथार्थ बोलला, त्याचे मित्र तसे बोलले नाहीत. त्या मित्रांपैकी अलीफजाचे शब्द पुन्हा वाचा. ज्ञानी लोकांना देव त्यांच्याच धूर्ततेत पकडतो, हे त्याचे 5:13 मधील वाक्य पौल 1 करिंथ 3:19 मध्ये शास्त्रवचन म्हणून उद्धृत करतो. वाक्य खरेच होते. अलीफजाने ते राखेत बसलेल्या माणसावर उगारले होते.