ज्यूंच्या मायभूमीचा शोध भिंतीवरच्या नकाशावर कसा मांडावा

अलिबागला मी तेवीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशात इस्रायल आलं की वर्गातलं कुणीतरी हमखास विचारायचं, "बाई, आपल्या इस्रायल आळीचं नाव त्या देशावरनं पडलं का?" तसं नाही. आळीचं नाव बेने इस्रायलांवरनं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंवरनं पडलं. ते जुने, तो देश १९४८ चा. मग पुढचा प्रश्न यायचा, की त्याआधी ज्यूंचा देश कुठं होता? या प्रश्नासाठी मी एक नकाशा करायला लागले. आता निवृत्तीनंतर सुट्टीत वाचनालयात मुलांकडून तो करून घेते. तुम्हाला घरी किंवा वर्गात करायचा असेल तर असा करा.

जगाचा भिंतीवरचा नकाशा घ्या. राजकीय नको, प्राकृतिक घ्या. रंगीत देश दिसले की आजच्या सीमा मनात घट्ट बसतात, आणि ही सगळी गोष्ट त्या सीमांच्या आधीची आहे. डोंगर, नद्या, वाळवंटं दिसली पाहिजेत. मागे थर्माकोलचा तुकडा, हाताशी टाचण्या, शिवणाचा दोरा, पट्टी. आणि एक वही, तिच्यात चार रकाने आखा: जागा देऊ कोण करत होतं? तिथं आधी कोण राहत होतं? जाणाऱ्यांना विचारलं का? प्रत्यक्ष किती गेले? टाचणी लावायच्या आधी चारही रकाने भरायचे, हा माझा नियम आहे. दुसरा रकाना रिकामा ठेवून पुढं जायला मी कुणालाच देत नाही.

पहिली टाचणी नायगारा नदीतल्या ग्रँड आयलंडवर, न्यूयॉर्क राज्यात. १८२५ साली मॉर्डेकाय मॅन्युएल नोआह या अमेरिकन ज्यू पत्रकाराने तिथं 'अरारात' नावाचं ज्यूंचं आश्रयनगर जाहीर केलं. जागा अडीच हजार एकरांच्या आसपास. समारंभाला लोक इतके आले की बेटावर न्यायला होड्या पुरेनात, म्हणून कोनशिलेचा सोहळा बफेलो शहरातल्या एका चर्चमध्येच झाला. कोनशिलेवर वर हिब्रूत 'श्मा इस्रायल' ही ज्यूंच्या प्रार्थनेची सुरुवात कोरलीय, खाली इंग्रजीत नगराचं नाव. ती शिला आजही बफेलोच्या संग्रहालयात आहे. चौथ्या रकान्यात शून्य लिहा. मुलं हसतात तेव्हा मी थांबवते. युरोपात ज्यूंना कित्येक ठिकाणी जमीन घेता येत नव्हती, त्या काळात एका माणसाने जमीन घेऊन त्यावर नाव कोरलं, ही हसण्यासारखी गोष्ट नाही.

अर्जेंटिनात दोन मिनिटं थांबा. १८८९ मध्ये 'वेझर' जहाजातून आठशेवर रशियन ज्यू तिथं उतरले आणि त्यातून मोइसेसव्हिल हे गाव वसलं. पुढे १८९१ पासून बॅरन हिर्श या धनाढ्य ज्यू दानशूराच्या वसाहत संस्थेने तिथं आणखी शेतवसाहती उभ्या केल्या. ही माणसं खरोखर गेली, नांगर धरला, पिकं काढली. थिओडोर हर्झल यांनी १८९६ मध्ये ज्यू राष्ट्राची कल्पना मांडली तेव्हा त्यांनीही पॅलेस्टाइन की अर्जेंटिना, असा प्रश्न उघड विचारला होता.

आता युगांडा. इथं मात्र घाई करू नका. मी स्वतः पहिल्या नकाशात टाचणी कंपालाजवळ लावली होती. सगळीकडे 'युगांडा योजना' वाचलेलं, म्हणून लावली. आठवीतल्या एका मुलीने अॅटलास उघडून दाखवलं, की ज्यूंना देऊ केलेलं उआसिन गिशू पठार केनियात आहे. तिचं बरोबर होतं. तो भाग १९०२ पर्यंत युगांडा संरक्षित प्रदेशात मोडत होता, म्हणून नाव तसंच चिकटलं. तेव्हापासून मी सांगते, योजनेच्या नावावर जाऊ नका, पठाराचं किंवा नदीचं नाव शोधा आणि तिथंच टोचा.

ही जागा सुचली कशी? ब्रिटनचे वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन १९०२ च्या डिसेंबरात युगांडा रेल्वेने प्रवास करत होते. खिडकीतून थंड हवेचं, हिरवं पठार दिसलं आणि त्यांना हर्झल आठवले. ती रेल्वे कुणी बांधली, हेही मुलांना सांगा: हिंदुस्थानातून नेलेल्या तीस हजारांवर मजुरांनी, त्यातले बहुतेक पंजाबचे. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्हमध्ये ज्यूंवर हल्ले होऊन ४९ माणसं मारली गेली आणि ब्रिटनचा प्रस्ताव आला: पाच हजार चौरस मैल. आकार समजायला पट्टीचा उपयोग नाही, आपला जिल्हा वापरा. एका रायगडाशेजारी दुसरा ठेवा, साधारण तेवढी जमीन.

दुसरा रकाना इथं सगळ्यात महत्त्वाचा. 'उआसिन गिशू' हे नावच गुरं पाळणाऱ्या मासाई लोकांच्या एका शाखेचं आहे. पठाराशेजारी नंदी लोक १८९५ पासून इंग्रजांशी लढत होते. त्यांचे नेते कोइतालेल सामोई यांना इंग्रजांनी १९०५ मध्ये ठार केलं. लंडनच्या कागदावर जागा मोकळी दिसत होती, कारण ती लंडनच्या नजरेनं पाहिलेली होती. मुलांना मी विचारते, रेल्वेच्या खिडकीतून गुरं दिसतात, पण ती कुणाची ते दिसतं का?

तिसऱ्या रकान्यासाठी ऑगस्ट १९०३ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात भरलेल्या, हर्झल यांच्या ज्यू राष्ट्रवादी (झायोनिस्ट) चळवळीच्या अधिवेशनात जा. एरवी व्यासपीठामागे पॅलेस्टाइनचा नकाशा लावलेला असायचा. त्या वर्षी त्या जागी पूर्व आफ्रिकेचा नकाशा होता. ठराव साधा होता, पाहणीसाठी मंडळ पाठवावं एवढाच. बाजूने २९५, विरुद्ध १७८. निकालानंतर रशियाचे विरोधी प्रतिनिधी सभागृहाबाहेर पडले. त्यांतले काही सुतकात बसावं तसे जमिनीवर बसून रडले. विरोध करणाऱ्यांत किशिनेव्हहून आलेलेही होते. ज्यांच्या गल्लीत रक्त सांडलं होतं, तेच आसरा नाकारत होते. हे वाचून माझ्या अंगावर अजून काटा येतो. हर्झल पुढच्या जुलैत वारले. तिघांचं पाहणी मंडळ पठारावर जाऊन आलं: एक इंग्रज मेजर, एक स्विस आणि रशियात जन्मलेला एक ज्यू इंजिनिअर. त्यांचं एकमत झालं नाही आणि १९०५ च्या अधिवेशनाने प्रस्ताव सोडून दिला. चौथ्या रकान्यात पुन्हा शून्य.

जिथं मिळेल तिथं भूमी घ्या, असं म्हणणारे तेव्हा वेगळे झाले. इंग्रज ज्यू लेखक इझ्राएल झँगविल यांची ज्यू प्रादेशिक संघटना १९०५ ची. त्यांनी लिबियाच्या सायरेनेका भागात तज्ज्ञ पाठवले, पण पाणी अपुरं निघालं. अंगोलाचीही पाहणी झाली. या दोन टाचण्यांच्या वेळी पर्जन्यमानाचा नकाशा शेजारी ठेवा, निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

मग दोरा काढा. एक टोक मॉस्कोला, आणि ट्रान्स-सायबेरियन रेल्वेच्या वळणावळणाने पूर्वेला आठ हजार किलोमीटरहून जास्त नेत बिरोबिजानला टेका. मुलांचा हात दुखतो, दुखू द्या. सोव्हिएत सरकारने १९२८ मध्ये चीनच्या सीमेवरचा हा दलदलीचा भाग ज्यूंच्या वस्तीसाठी ठरवला आणि १९३४ मध्ये 'ज्यू स्वायत्त प्रदेश' केला. क्षेत्रफळ ३६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पाच रायगड. राजभाषेत यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, ती हिब्रू लिपीत लिहितात), यिडिश वर्तमानपत्र, स्टेशनावर यिडिश पाटी. पहिल्या वर्षी साडेसहाशे माणसं गेली, हिवाळ्याआधी जवळपास निम्मी परतली. १९३९ च्या जनगणनेत साडेसतरा हजारांच्या आसपास ज्यू होते, म्हणजे तिथल्या दर सहा माणसांत एक. स्टालिनच्या धरपकडीत प्रदेशाचे पहिले प्रमुख लिबरबर्ग यांनाच गोळ्या घातल्या गेल्या. दुसऱ्या रकान्यात कोसॅक, म्हणजे सीमेवर वसवलेले रशियन शिपाई-शेतकरी लिहा, कोरियन शेतकरी लिहा, आणि कोरियनांपुढे '१९३७' लिहा. त्या वर्षी त्यांना सरसकट उचलून मध्य आशियात नेलं गेलं. आज तिथं ज्यू एक टक्काही नाहीत. स्टेशनावरची यिडिश पाटी आहे.

ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्लीला एक टाचणी. आयझॅक स्टाइनबर्ग हे ज्यू नेते १९३९ मध्ये तिथं गेले, ७५ हजार निर्वासितांसाठी गुरांच्या कुरणांची जमीन घ्यायची योजना मांडली, स्थानिक पाठिंबाही मिळवला. पण १९४४ मध्ये केंद्र सरकारने नकार दिला. दुसऱ्या रकान्यात तिथले आदिवासी, मिरिवूंग आणि गाजेरोंग.

मादागास्करला मी टाचणी लावत नाही, काळ्या शाईने फुली मारते. पोलंडने १९३७ मध्ये तिथं पाहणी केली, ती ज्यू कमी व्हावेत म्हणून. नाझींची १९४० ची योजना तर सरळ हद्दपारीची. हाकलून देण्याच्या बेताला मायभूमीच्या शोधात जागा द्यायची नाही. हा फरक मुलांच्या मनात पक्का बसेपर्यंत मी पुढं जात नाही.

पॅलेस्टाइन शेवटी घ्या, आणि त्यालाही तेच चार रकाने लावा. कुठल्याही बाजूची सवलत नको. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारं २ नोव्हेंबर १९१७ चं पत्र वर्गात मोठ्याने वाचा. तिथल्या बहुसंख्य अरबांचा उल्लेख त्यात 'बिगर-ज्यू समुदाय' असा आहे, म्हणजे ते कोण नाहीत एवढंच सांगितलंय. १९२२ च्या जनगणनेत साडेसात लाखांत ज्यू ८४ हजारांच्या आसपास. जाणाऱ्यांना विचारलं का? हो, आणि इथं यायला ते शतकानुशतकं प्रार्थना करत होते, हेही त्याच रकान्यात लिहा. १९४८ मध्ये देश झाला आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. दोन्ही वाक्यं एकाच शाईने, एकाच आकाराच्या अक्षरात लिहायची.

आता उरलेला दोरा अलिबागहून न्या. बेने इस्रायलांची परंपरा सांगते, नवगावजवळ त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. त्यांचे वंशज तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. आमच्या शेजारच्या बेने इस्रायल आजी एलियाहू नबीच्या मलिद्याला, म्हणजे नैवेद्याला, भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं आणि साखर घालायच्या, आणि पहिली वाटी भिंतीवरून माझ्या हातात द्यायच्या. साठच्या दशकात त्या मुलाकडे इस्रायलमधल्या दिमोनाला गेल्या. त्यांची पत्रं मराठीत यायची आणि शेवटची ओळ ठरलेली असायची, येणाऱ्याबरोबर आमसुलं पाठव.

अलिबागला कोणत्या रंगाची टाचणी, असं मुलं विचारतात. ही जागा कुणी देऊ केली नव्हती, कुणी मंडळ पाठवून पाहिली नव्हती, वहीतले रकाने तिला लागत नाहीत. तिथं टाचणी न लावता मी सुईने दोरा नकाशातून आरपार काढते आणि मागच्या बाजूला गाठ मारते.