भरतीची वही: घरच्या घरी सगळे विषय

एक शंभर पानी वही, भिंतीवरचं कालनिर्णय आणि ओहोटीला उघडा पडणारा एक दगड. पाच ते दहा वर्षांच्या मुलाला सुट्टीत घरी काही शिकवायचं असेल, तर कोकण किनाऱ्यावर सुरुवातीला एवढं पुरतं.

आमचं घर मालवणजवळ, खाडीपासून चालत पाच मिनिटांवर. पहिल्या वर्षी मी रोज वेगळा विषय काढत होते. सोमवारी गणित, मंगळवारी विज्ञान. आठवड्याभरात मुलीचा रस संपला, कारण कालचं आजला कुठे जोडलंच जात नव्हतं. पुढच्या सुट्टीत आम्ही एकच गोष्ट धरली आणि ती पंधरा दिवस सोडली नाही. ती गोष्ट म्हणजे भरती. गणित, विज्ञान, भाषा, सगळं त्यातूनच निघालं.

वही अशी आखा

पानावर पाच रकाने पाडा: तारीख, तिथी, भरतीचा अंदाज, प्रत्यक्ष वेळ आणि चंद्राचं चित्र. रेघा मुलालाच मारू द्या, वाकड्या आल्या तरी चालतील. सुरुवात शक्यतो शुद्ध प्रतिपदेला करा, म्हणजे चंद्र वाढत जाताना दिसतो.

आता अंदाज. आपल्याकडचे जुने मच्छीमार भरतीची वेळ तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरा धरायची, म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. दिवसातून दोन भरत्या येतात आणि त्यांच्यात साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं. दुपारी तीनला पाणी भरलं तर रात्री साडेतीनच्या सुमारास पुन्हा भरणार.

ही पाऊणपट लहान मुलाला कशी कळणार? भाकरीने. तांदळाची एक भाकरी घ्या, चार सारखे तुकडे करा. एक भाकरी म्हणजे एक तास, एक तुकडा म्हणजे पाव तास. दर तिथीला तीन तुकडे मांडायचे. चतुर्थीचे बारा तुकडे झाले, जोडले की तीन भाकऱ्या. पंचमीचे पंधरा: तीन भाकऱ्या आणि वर तीन तुकडे. म्हणजे पावणेचार. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला बरोबर सहा. चार दिवसांत पाऊण, साडे, सवा आणि पूर्ण, चारही प्रकार हाताखालून जातात. रोज एवढ्या भाकऱ्या कोण करणार, म्हणून नंतर वाटी ठेवून वर्तमानपत्राचे गोल कापून घ्या. पण पहिल्या दिवशी भाकरीच हवी. हल्ली मुलं सर्रास ‘तीन पंचेचाळीस’ म्हणतात. त्यांना पावणेचार कळावं असं मला फार वाटतं, कारण त्या शब्दात अपूर्णांक आपसूक बसलेला आहे. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि पाऊणचे पाढे, पाठ करून घेत, ते याच हिशेबांसाठी.

खाडीवर जाऊन पडताळा

अंदाजाच्या तासभर आधी मुलाला घेऊन खाडीवर जा. मोठं माणूस सोबत हवंच, आणि उभं राहायचं ते उथळ, ओळखीच्या जागी. पाण्याच्या कडेला एक दगड ठेवा. पाणी दगडाच्या पुढे आलं की नव्या कडेला दुसरा ठेवा. दहा मिनिटांत पाणी पुढे सरकलं नाही की भरती पूर्ण झाली असं धरा आणि वेळ वहीत लिहा. रात्रीच्या भरतीला जाऊ नका, दिवसाची एक नोंद पुरते.

अंदाज आणि खरी वेळ जुळणार नाहीत, कधी तासभराचाही फरक पडेल. मूल खोडरबर शोधेल, तेव्हा त्याला थांबवा. दोन्ही आकडे राहू द्या आणि शेजारी फरक लिहायला सांगा. सगळ्या उपक्रमात मला ही वजाबाकी सर्वांत मोलाची वाटते, कारण तिचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं नसतं.

कारण विचारलं तर सांगा. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तोवर चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून तो पुन्हा त्याच जागी यायला सुमारे २४ तास ५० मिनिटं लागतात. शिवाय किनाऱ्याचा आकार आणि खाडीची लांबी यांनीही वेळ बदलते. पुनवेला आणि अवसेला सूर्य आणि चंद्र दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास ती आडवी होते, तेव्हा भांग, पाणी फारसं वर चढत नाही. हे आधी सांगू नका. चंद्राची चित्रं आणि दगडांच्या जागा यांवरून मूल स्वतःच बोलेल.

शब्द मागच्या पानापासून

वही उलटी करून मागून शब्द लिहायला लावा: शब्द, अर्थ, कोणाकडून कळला. आमच्याकडे आजी ओहोटीला सुकती म्हणते. झील म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी, व्हाळ म्हणजे ओढा. मूल आजीला प्रश्न विचारतं, ऐकतं, लिहितं, आणि भाषेच्या अभ्यासात याहून वेगळं काय असतं? बोलीतला शब्द अशुद्ध आहे असं त्याला चुकूनही सांगू नका. शाळेत ‘ओहोटी’ लिहायचं, घरात ‘सुकती’ म्हणायचं, दोन्ही त्याचंच आहे.

दोरीवरचा इतिहास

पडवीपासून खळ्यापर्यंत, म्हणजे पुढच्या अंगणापर्यंत, सुंभाची दोरी ताणा. दहा वर्षांना मुलाची एक वीत. आज म्हणजे दाराची चौकट. आजोबांना विचारून गाठी मारा: ते मुंबईला बोटीने कधी गेले, गावात वीज कधी आली. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली, म्हणजे तीन विती संपण्याआधीच. स्वातंत्र्य आठव्या वितीत. आणि समोर पाण्यात दिसणारा सिंधुदुर्ग, त्याचं काम १६६४ साली सुरू झालं, तो छत्तीस विती ओलांडून पार खळ्याच्या कडेला, माडाच्या बुंध्याशी. आकड्याने न कळलेलं अंतर चालून कळतं.

पावसात वही पावसाची

जून लागला की मुलांना खाडीवर नेऊ नका. तेव्हा सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, गळ्याखाली कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बुडाचा उंचसखलपणा झाकेल इतकं पाणी ओतून तिथे शून्याची खूण करा आणि त्यावर पट्टी चिकटवा. बाटली पागोळ्यांपासून लांब, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी एकाच वेळी वाचा आणि पुन्हा शून्यावर आणा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढं कळलं की मोठी मुलं घराच्या छपरावर किती पाणी पडलं ते काढतात. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि दहा मिलिमीटर पाऊस, तर हजार लिटर.

घरात अडकून पडायचा दिवस आला तर लाल जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात कुस्करा. एका वाटीत लिंबू पिळा, दुसरीत खायचा सोडा घाला. पहिली गडद गुलाबी, दुसरी हिरवट. आंबट आणि सोड्यासारख्या पदार्थांची परीक्षा मुलं मग स्वयंपाकघरभर करत सुटतात.

पंधरवडा संपला की

शुद्ध पक्षातले सगळे फरक मांडून बघा. आमच्याकडे भरती बहुतेक दिवशी अंदाजाच्या आधीच येत होती. मग मुलीने वद्य पक्षासाठी पाऊणपटीतून अर्धा तास वजा करून स्वतःचं वेळापत्रक केलं आणि कागद दाराच्या चौकटीला लावला. शेजारचे काका पाग, म्हणजे फेकायचं जाळं, खांद्यावर टाकून निघाले की आधी तो वाचतात, आणि परत येताना पाणी किती वाजता भरलं ते तिला सांगून जातात.