टर्बो नव्हे, पाइप फाटला होता

घाटकोपरहून ठाण्याकडे जाताना पुलाच्या चढावर गाडीने मान टाकली. टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा), पण पिकअप गायब, मागे काळा धूर आणि रेस केली की बॉनेटखालून फुस्स्. गॅरेजवाल्याने आवाज ऐकूनच निकाल दिला, ‘टर्बो गेला, बदला.’ आकडा ऐकून मीच गार!

म्हटलं, आधी हवा कुठे गळते ते बघू. इंजिन बंद. फिल्टरकडून येणारा पाइप टर्बोच्या तोंडापासून काढला आणि तिथे हवा भरायचा व्हॉल्व्ह बसवलेली पीव्हीसीची टोपी आवळली. ब्रीदरची, म्हणजे इंजिनातले वायू बाहेर काढणारी, नळीही बुजवली. छोट्या कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरली, १० पीएसआयच्या आतच; जास्त दाबाने सील बिघडायचे. थोडी हवा इंजिनच्या उघड्या व्हॉल्व्हमधून जातेच, त्याने दचकू नका.

मग भांड्याच्या साबणाचं पाणी फवारलं. इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपला खालून तेलाचा ओशट डाग होता, नेमका तिथेच फेस फुगला. बोटभर चीर, वरून दिसतच नव्हती.

नवा पाइप, दोन नव्या क्लिपा, धूर बंद. बारीक शिट्टी अजून येते, पण ती टर्बोची स्वतःची.