घन बहुपदीचे अवयव आणि आलेख: शेष शून्य आला म्हणून हुरळू नका

इंदुरात रामबागेत माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं शाळेत ‘गुणनखंड’ म्हणतात, घरी ‘अवयव’. नाव काहीही घ्या, घसरतात सगळी एकाच पायरीवर.

उदाहरण घेऊ: क्ष³ − ३क्ष + २.

पहिलं मूळ शोधा, म्हणजे जी किंमत क्ष च्या जागी ठेवली की बहुपदी शून्य होते ती. क्ष³ चा सहगुणक १ आणि स्थिर पद २, म्हणून २ चे विभाजक १, −१, २, −२ एवढेच तपासायचे. ३ आणि ५ घालून वही भरवू नका. १ ठेवला की १ − ३ + २ = ०. (क्ष − १) हा अवयव मिळाला.

आता संश्लेषक भागाकार: नुसते सहगुणक मांडायचे, पहिला खाली उतरवायचा, मग खालच्या आकड्याला दरवेळी मुळाने गुणून पुढच्या सहगुणकात मिळवायचं. क्ष² चं पद दिसत नाही, म्हणून मुलं सहगुणक मांडतात १, −३, २. मांडायचे असतात १, ०, −३, २. ‘हे आम्हाला माहीत आहे’ म्हणाल. रविवारची बॅचही पोहे-जिलबी हाणून येते, हेच म्हणते आणि तासाभरात शून्य गाळते.

गाळल्यावर काय होतं ते करून पाहा. १ खाली, −३ + १ = −२, २ − २ = ०. शेष शून्य! पोरगं (क्ष − १)(क्ष − २) लिहून मोकळं. ‘सर, शेष शून्य आला की!’ अकरावीत मीही असाच मोकळा झालो होतो आणि पेपर हातात पडेपर्यंत पैकीच्या पैकी धरून बसलो होतो.

‘शेष शून्य म्हणजे गणित बरोबर’ हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. १ हे मूळ घेऊन भागताना येणारा शेष म्हणजे सहगुणकांची नुसती बेरीज. मधे शून्य असलं काय, नसलं काय, बेरीज तीच. चूक झाली तरी शेष गप्प. हीच चूक −२ घेऊन केलीत तर शेष १२ येतो आणि चोर सापडतो. १ पुढे मात्र सापडत नाही, आणि मुलं पहिला १ च घेतात.

म्हणून भागण्याआधी आकडे मोजा. घन बहुपदीला चार सहगुणक, भागाकाराला तीन. नीट भागलं की १, १, −२ आणि शेष ०. क्ष² + क्ष − २ चे अवयव (क्ष + २)(क्ष − १). एकूण (क्ष − १)²(क्ष + २).

आलेख आता सोपा. रेघ डावीकडे खालून येते, −२ ला क्ष-अक्ष आरपार ओलांडते, य-अक्षाला २ वर छेदते. १ हे मूळ दोनदा आलंय, तिथे ती उंबऱ्याला पाय लावून परत वर जाते.

शिखर मात्र दोन मुळांच्या मधोमध काढू नका. तो वर्ग बहुपदीचा हिशेब. −०.५ वर उंची ३.३७५ आहे, −१ वर ४. एक मूळ दुहेरी असेल तर दुसरं वळण एकेरी मुळापासून एक तृतीयांश अंतरावर येतं. इथे अंतर ३, म्हणून −२ + १ = −१. पडताळा हवा तर (०, २) भोवती कागद अर्धा फिरवा: (−१, ४) च्या जागी (१, ०) यायला हवा.

−३ वर किंमत −१६ येते. तो बिंदू कागदात बसवायच्या हट्टापायी शिखर चपटं करू नका. रेघ खाली सोडून द्या.